बदलाची भाषा आणि शब्दांची सोबत

मांजरसुंबा हे गाडी बदलण्याचे गाव आहे. बीडच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या डोंगराळ प्रदेशात, धुळे-सोलापूर महामार्गाला येथे दुसरा मोठा रस्ता छेदतो. एक वाट पाटोदा-जामखेडकडे जाते. दुसरी नेकनूर-केजवरून अंबाजोगाई आणि लातूरकडे. उत्तरेकडून आलेला आणि पूर्वेकडे निघालेला प्रवासी येथे उतरतो, दुसऱ्या एस.टी.ची वाट पाहतो, हातातली मोठी नोट मोडून घेतो आणि मार्गस्थ होतो. या चौफुल्यावर तो जे करतो ते सांगण्यासाठी मराठीला दोन क्रियापदे लागतात : गाडी बदलते, नोट मोडते. इंग्रजीला दोन्हीकडे 'चेंज' हा एकच शब्द पुरतो. परंतु त्या एका शब्दाच्या पोटात किती भेद दडलेले आहेत, याचा थांगपत्ता 'चेंज म्हणजे बदल' एवढेच पाठ केलेल्या विद्यार्थ्याला लागत नाही. 'मांजरसुंब्याला गाडी बदलली' हे वाक्य इंग्रजीत नेताना तो 'बस' हा शब्द एकवचनी ठेवतो. इंग्रजीची रीत मात्र 'चेंज बसेस' अशी अनेकवचनाची आहे. कारण उघड आहे. एक सोडली आणि दुसरी धरली, म्हणजे गाड्या दोन झाल्या.

गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु ग्रामीण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचे इंग्रजी अडते ते नेमके अशाच ठिकाणी. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जात आहे. दहा-बारा वर्षे हा विषय शिकलेल्या मुलाला काळांचे कोष्टक येते, शब्दांचे अर्थ येतात, परीक्षेत गुणही मिळतात. तरीही नोकरीचा अर्ज लिहिताना किंवा मुलाखतीत चार वाक्ये बोलताना त्याची गती खुंटते. एका शब्दाशेजारी दुसरा कोणता ठेवायचा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मराठीत बदल 'करतात', म्हणून तो 'डू अ चेंज' असे लिहितो. व्याकरणाच्या कोणत्याही नियमाचा येथे भंग झालेला नाही. पण इंग्रजी कानाला ते खटकते, कारण तेथे रूढ जोडी 'मेक अ चेंज' अशी आहे. असे का, याला नियम नाही. ती भाषेची वहिवाट आहे, आणि वहिवाट नियमाइतकीच बंधनकारक असते.

सोबतीवरून ओळख

शब्दांच्या या वहिवाटीचा पद्धतशीर विचार प्रथम झाला तो वर्गातील अडचणीतून. हॅरल्ड पामर हा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्याच्या कामी टोकियोत होता. व्याकरण पक्के असूनही विद्यार्थ्यांची वाक्ये परकी का वाटतात, या प्रश्नाचा माग काढताना त्याच्या ध्यानात आले की इंग्रजी बोलणारा मनुष्य सुटे शब्द जुळवीत बसत नाही; तो तयार जोड्या आणि तयार पदसमूह वापरतो. अशा पदसमूहांवरील त्याचा अहवाल १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचाच सहकारी ए. एस. हॉर्नबी याने पुढे परभाषक विद्यार्थ्यांसाठी कोश रचला. १९४२ मध्ये टोकियोत निघालेला हा कोश १९४८ पासून ऑक्सफर्डच्या नावाने जगभर पसरला. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत त्याच्या जीर्ण प्रती आजही सापडतात. याच विचाराला भाषाशास्त्रात तात्त्विक बैठक दिली ती जे. आर. फर्थ यांनी. हे फर्थ १९२० च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या एकट्यात नसतो, तो ज्या शब्दांच्या सोबतीने वावरतो त्यांच्यातही असतो, हे त्यांचे सूत्र पुढे सर्वमान्य झाले.

माणसाची पारख संगतीवरून करावी, हे मराठी मनाला नवे नाही. शब्दाचीही पारख तशीच करावी लागते, एवढीच यात भर आहे. आणि 'चेंज' हा शब्द या दृष्टीने फार बोलका आहे, कारण त्याची संगत बदलली की बदलाचा कर्ता, त्याचा आवाका आणि त्याची जबाबदारी, सारेच बदलते.

हाताशी असलेला, स्वतः करता येण्याजोगा बदल इंग्रजीत 'मेक' करतात : अर्जातील एखादी दुरुस्ती, वेळापत्रकातील फेरफार. मोठ्या प्रयत्नाने, अनेकांच्या हाताने व काही काळाने जो बदल साधतो त्याला 'ब्रिंग अबाउट' हे क्रियापद लागते. कायदा, चळवळ, शिक्षण यांच्याकडून होणारे बदल या जातीचे. आणि ज्याच्यावर बदल गुदरतो, ज्याला तो सोसावा लागतो, तो 'अंडरगो' करतो. महामार्गाचे चौपदरीकरण हा शासनाने 'ब्रिंग अबाउट' केलेला बदल. मांजरसुंब्याच्या चौफुल्याने तो 'अंडरगो' केला. आणि एखाद्या दुकानदाराने आपल्या दुकानाचे तोंड नव्या रस्त्याकडे वळवले असेल तर त्याने तो 'मेक' केला. घटना एकच, पण करणारा कोण आणि सोसणारा कोण हे तीन क्रियापदांनी वेगवेगळे दाखवले.

विशेषणांचेही तसेच आहे. 'रॅडिकल' हा शब्द मुळासाठी असलेल्या लॅटिन शब्दापासून आला. म्हणून 'रॅडिकल चेंज' म्हणजे मुळाला हात घालणारा बदल. मराठी 'आमूलाग्र' त्याच्याही पुढे जातो. तो मुळापासून शेंड्यापर्यंत पोचतो. 'स्वीपिंग' मध्ये झाडूचा फटकारा आहे. एका हाताने सारे अंगण लोटावे तसा तो सरसकट बदल. 'ड्रास्टिक' हे विशेषण मुळात वैद्यकातले, जालीम रेचकाला लावले जाणारे. म्हणून त्यात उपायाबरोबर यातनाही येते. 'ग्रॅज्युअल' पायरी-पायरीने चढतो. शेक्सपिअरच्या 'द टेंपेस्ट' नाटकातून आलेला 'सी चेंज' हा तर समुद्राच्या तळाशी वस्तूचे द्रव्यच पालटून टाकणारा बदल आहे. मराठी वृत्तपत्रांत कधीकधी दिसतो तसा त्याचा समुद्राच्या पाण्याशी किंवा भरतीशी संबंध लावणे चुकीचे ठरेल. ही विशेषणे एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. 'स्लाइट' बदलाला 'स्वीपिंग' म्हणणारा विद्यार्थी केवळ भाषेची चूक करीत नाही, तो वस्तुस्थितीची चूक करतो.

मराठीच्या घरची रीत

हे सारे इंग्रजीचे चोचले आहेत, असे समजण्याचे कारण नाही. मराठीची वहिवाट इंग्रजीइतकीच काटेकोर आहे. ती अंगवळणी पडलेली असल्याने मराठी भाषकाला दिसत नाही, एवढेच. गाडी बदलली म्हणजे प्रवासी दुसऱ्या गाडीत बसला. गाडी पलटली म्हणजे अपघात झाला. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावात या दोन क्रियापदांची अदलाबदल कोणी करणार नाही. दिवस पालटतात, वारा फिरतो, कूस बदलते, साप कात टाकतो, वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो, विस्कटलेल्या संसाराची घडी बसते. ओझे वाहणारे करतात तो खांदेपालट. प्रकृतीसाठी परगावी जाऊन राहणे तो हवापालट. शेतात एका पिकामागून दुसरे घेणे ती फेरपालट. बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला ही क्रियापदे शिकवावी लागत नाहीत. सोबतीने चालणारे शब्द म्हणजे काय, हे त्याला शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच माहीत असते. इंग्रजीच्या तासाला मात्र त्याची ही मिळकत दाराबाहेर ठेवली जाते आणि त्याच्या हाती सुट्या शब्दांची यादी दिली जाते.

'बदल' हा शब्दही मूळचा मराठीचा नव्हे. तो अरबीतून फारसीच्या वाटेने आला. त्याचा मूळ अर्थ एका वस्तूच्या जागी दुसरी देणे, विनिमय, असा आहे. विनिमयाचा तो अर्थ 'मोबदला' या शब्दाने जपून ठेवला आहे. 'बदली'त तो आहेच. आणि रोजच्या वापरातले 'बद्दल' हे शब्दयोगी अव्ययदेखील त्याच घराण्यातले आहे. नवल असे की इंग्रजी 'चेंज'ची कुळकथा हीच आहे. फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाच्या मुळाशी देवघेव, अदलाबदल या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. म्हणूनच मोडीलाही 'चेंज' म्हणतात. दोन्ही भाषांनी बदलाची कल्पना बाजारपेठेतून उचलली. काही दिल्याशिवाय काही मिळत नाही, हे दोन्ही शब्दांच्या मुळाशी आहे. बदलाची घोषणा करणाऱ्यांनी हे मूळ विसरू नये. महामार्ग रुंद होतो तेव्हा कोणाची तरी जमीन जाते, आणि तिचा मोबदला हा शब्द 'बदल' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे.

त्या जमिनीची नोंद ज्या शब्दाने होते तोही याच कुळातला. जमिनीचा मालक बदलला की इंग्रजी म्हणते, जमिनीने हात बदलले, 'चेंज हँड्स'. येथेही हात दोन, म्हणून अनेकवचन. मराठी म्हणते हस्तांतर. आणि महसुली दप्तर म्हणते 'फेरफार'. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. तिच्यात नोंद पडणे, संबंधितांना नोटीस जाणे, हरकतीची मुदत सरणे, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करणे, आणि मग सातबारावर नाव येणे, एवढ्या पायऱ्या त्या एका शब्दात आहेत. एरवीच्या मराठीत 'फेरफार' करणे हे संशयास्पद वाटते, कोणी तरी लबाडी केली असे सुचवते. दप्तरात तोच शब्द हक्काचा पुरावा ठरतो. संगत बदलली की अर्थ कसा बदलतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधावे लागणार नाही. हा फरक ज्याला कळला नाही, त्याचे नुकसान परीक्षेतल्या एका गुणापुरते राहत नाही.

'नावात बदल' आणि 'नामांतर'

इंग्रजीत 'चेंज' नंतर 'इन' येतो की 'ऑफ', यावर विद्यार्थी हमखास अडखळतो. मराठीच्या आधाराने तो भेद दोन मिनिटांत उलगडता येतो. वस्तू तीच राहून तिच्यात काही वेगळे झाले की 'इन' येतो : हवेत बदल, स्वभावात बदल, दरात बदल. वस्तूच जाऊन तिच्या जागी दुसरी आली की 'ऑफ' येतो : सरकार बदलणे, पत्ता बदलणे, कपडे बदलणे. मराठीत पहिल्या प्रकाराला सप्तमीचा 'त' लागतो. दुसऱ्या प्रकारासाठी मराठीजवळ 'पालट' आहे आणि संस्कृतातून आलेले 'अंतर' आहे. या 'अंतर'चा अर्थ दूरत्व नव्हे, 'दुसरा' असा आहे. सत्तांतर म्हणजे दुसऱ्याची सत्ता, धर्मांतर म्हणजे दुसरा धर्म, स्थलांतर म्हणजे दुसरे स्थल, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. 'चेंज ऑफ एअर'ला मराठीने हवापालट म्हटले ते किती अचूक आहे, हे यावरून दिसेल.

हा भेद केवळ व्याकरणाचा आहे असे मराठवाड्यात तरी कोणी म्हणू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, जी घरे जळली, ती या प्रदेशाच्या इतिहासातली काळी पाने आहेत. त्या ठरावाची मागणी 'नामांतरा'ची होती : जुन्या नावाच्या जागी दुसरे नाव. पुढली जवळजवळ सोळा वर्षे मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास यांत गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, जे घडले ते 'नामविस्तार' होते. 'मराठवाडा' हा शब्द राहिला आणि त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव आले. इंग्रजी वृत्तपत्रांना दोन्हीसाठी एकच शब्द पुरला. मराठीने मात्र दोन वेगळे शब्द घडवले, आणि त्या दोन शब्दांमधल्या फटीत एका समाजाचा सन्मान, दुसऱ्याचा दुराग्रह आणि अखेरची तडजोड असे सर्व मावले. एक नावाचा बदल होता, दुसरा नावातला बदल. भाषेतले हे बारकावे पंडितांचे खेळ असते, तर त्यांच्यासाठी माणसांनी इतकी किंमत मोजली नसती.

याच प्रदेशाने मनाच्या बदलाचाही एक प्रयोग जवळून पाहिला. १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबांना पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले ते हैदराबाद राज्यात, आणि बीड जिल्हा तेव्हा त्याच राज्याचा भाग होता. भूदानाचा सारा भर हृदयपरिवर्तनावर होता. इंग्रजी 'चेंज ऑफ हार्ट' त्याला बरोबर जुळतो. परंतु 'चेंज वन्स माइंड' याचे 'मन बदलणे' असे भाषांतर केले की घोटाळा होतो; त्यात बेत बदलण्यापलीकडे फारसे काही नसते. जमीनदाराने 'माइंड' बदलले तर तो उद्या दान परत मागेल. 'हार्ट' बदलले तर मागणार नाही. दोन्हीकडे 'मन' असे लिहिणाऱ्या भाषांतरकाराने भूदानाचा अर्थच पुसून टाकला असे होईल.

बिनकर्त्याचा बदल

इंग्रजीच्या शब्दसंगतीचे अज्ञान जसे घातक, तसेच तिचे अंधानुकरणही. गेल्या काही दशकांत मराठी लेखनात, विशेषतः शासकीय अहवालांत आणि संस्थांच्या पत्रकांत, बदलाची एक तयार भाषा रूढ झाली आहे. 'सकारात्मक बदल घडवून आणणे', 'बदलाला सामोरे जाणे', 'बदलाचा वाहक होणे' ही सगळी इंग्रजी जोड्यांची शब्दशः केलेली रूपे आहेत. 'बदलाचे वारे' हा प्रयोगही ३ फेब्रुवारी १९६० रोजी ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलन यांनी केपटाऊन येथे केलेल्या भाषणानंतर जगभर फिरत मराठीत स्थिरावला. तो आता घरचा झाला आहे, हे मान्य करायला हवे, कारण वारा फिरणे मराठीला आधीपासून ठाऊक होते. इतर जोड्यांचे तसे नाही. मूल चांगल्या वळणाला लागले, काम मार्गी लागले, गाव सुधारले, असे म्हणण्याची सोय असताना 'सकारात्मक बदल झाला' असे म्हटले, की वाक्य वजनदार होते आणि माहिती नाहीशी होते.

प्रत्येक काळाने आपला आवडता शब्द निवडला आहे. एकोणिसाव्या शतकाचा शब्द 'सुधारणा' होता. आगरकरांनी १८८८ मध्ये काढलेल्या पत्राचे नावच 'सुधारक', आणि त्यात इंग्रजी व मराठी असे दोन्ही भाग असत. स्वातंत्र्यानंतर 'विकास' आला. १९७० च्या दशकातील चळवळींनी 'परिवर्तन' जवळ केले. आता 'बदल' आहे. या क्रमात एक गोष्ट हळूहळू निसटलेली दिसते. सुधारणेत चांगल्या-वाइटाचा निवाडा होता आणि सुधारकाला त्याचा जाब द्यावा लागे. विकासात निदान वाढीचे आश्वासन होते. 'बदल' या शब्दात दिशाही नाही आणि कर्ताही नाही. म्हणून तर त्याला 'सकारात्मक' या विशेषणाची कुबडी लागते.

बीड जिल्ह्याला या बिनकर्त्याच्या भाषेची झळ सर्वांत अधिक बसते. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. अहवाल याला 'हंगामी स्थलांतर' म्हणतो. इंग्रजीतील तितक्याच नीटनेटक्या जोडीचे ते भाषांतर आहे. व्याख्या म्हणून त्यात चूक नाही. परंतु गावात कोणी 'स्थलांतर' करीत नाही. तेथे मुकादमाकडून 'उचल' घेतली जाते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो आणि तो 'कारखान्याला' जातो. या शब्दांत कर्जदार कोण, देणेकरी कोण, नांगरासारखे जुंपलेले कोण, हे सारे उघडे असते. दोन माणसांना एका हत्याराच्या नावाने मोजणारा शब्द क्रूर आहे; पण तो खोटा नाही. 'स्थलांतरा'त फक्त स्थळ बदलते. प्रत्यक्षात मुलाची शाळा मध्येच सुटते, म्हाताऱ्या माणसांवर घर पडते आणि उचल फिटली नाही तर पुढल्या हंगामाचे श्रम आधीच विकले जातात. धोरण आखणाऱ्याने 'स्थलांतर' जरूर लिहावे. पण त्याच्या शेजारी 'उचल' आणि 'कोयता' हे शब्दही ठेवावेत, म्हणजे बदल कोठे व्हायला हवा ते त्याला दिसेल.

'हवामान बदल' या जोडीबाबतही हेच. जागतिक परिषदांसाठी ती अपरिहार्य आहे, शास्त्रीय आहे, आणि तिच्यामागचे सत्य आता वादातीत आहे. केज तालुक्यात धनेगावजवळ असलेले मांजरा धरण आटले आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण अजून पुसलेली नाही. तथापि शेतकऱ्याच्या भाषेत पाऊस 'ओढ देतो', 'अवकाळी' येतो, 'उघडीप' देत नाही. या तीन शब्दांत तीन वेगळी नुकसाने आहेत : पेरणीचे, काढणीचे, उभ्या पिकाचे. पंचनाम्याला आणि पीकविम्याला नेमके हेच वेगळेपण लागते. सर्वांवर 'हवामान बदला'ची एकच पांढरी चादर ओढली, की कोणत्या आठवड्यात कोणाचे काय गेले हे सांगणारी भाषा गप्प होते.

वर्गात काय व्हावे

यावर उपाय इंग्रजी टाळण्याचा नाही. इंग्रजीची गरज महाराष्ट्रातल्या शेवटच्या वाडीला कळून चुकली आहे, आणि मराठी शाळा ओस पडण्यामागे हीच जाणीव आहे. उपाय इंग्रजी अधिक शहाणपणाने शिकवण्याचा आहे. शब्दार्थांच्या वहीत 'चेंज : बदल' अशी एक ओळ लिहून घेण्याऐवजी त्या शब्दाचे एक पान असावे. त्याच्या आधी कोणती क्रियापदे येतात, कोणती विशेषणे त्याला मानवतात, त्याच्यामागून कोणते अव्यय येते, हे त्या पानावर वाक्यासह लिहिले जावे. आणि प्रत्येक जोडीसमोर मराठीची घरची जोडी यावी, शब्दाला शब्द नव्हे तर रीतीला रीत : 'चेंज साइड्स' समोर पक्षांतर, आणि त्याच्याच खाली टोपी फिरवणे; पहिला शब्द १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचा, दुसरा चावडीचा. असे केल्याने दोन्ही भाषा एकदम शिकल्या जातात. 'फॉर अ चेंज' म्हणजे 'बदलासाठी' नव्हे, 'जरा निराळे म्हणून', हे ज्याने एकदा जोखले तो पुढची दहा वाक्ये आपली आपण जोखतो.

ही नवी घोकंपट्टी होईल, असा आक्षेप येऊ शकतो. यादी पाठ करायला लावली तर तसे होईलच. परंतु जोड्या ऐकून, वाचून, वापरून अंगी मुरवायच्या असतात. त्यासाठी वर्गात सोप्या इंग्रजी पुस्तकांचे वाचन हवे आणि त्याला वेळापत्रकात जागा हवी. दुसरा आक्षेप असा की आता हातातले यंत्र क्षणात भाषांतर करून देते. मग हा खटाटोप कशाला? यंत्र वाक्य देते हे खरे. ते वाक्य आपल्या म्हणण्याशी इमान राखते की नाही, हा निवाडा मात्र वाचणाऱ्यालाच करावा लागतो. नामांतर आणि नामविस्तार यांना एकच शब्द देणारे यंत्र चूक करते आहे, हे ओळखायला त्या सोळा वर्षांचा अर्थ माहीत असावा लागतो.

या कामासाठी लागणारे पूर्वसुकृत याच मातीत आहे. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. शैव तत्त्वज्ञान त्यांनी 'परमरहस्य' या ग्रंथात मराठीत आणले. केजच्या रस्त्याने पुढे गेले की अंबाजोगाई लागते. तेथे मुकुंदराजांची समाधी आहे; परंपरेप्रमाणे शके १११० मध्ये त्यांनी 'विवेकसिंधु' मराठीत रचला. तेथेच दासोपंतांनी कागद सोडून पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. हे सर्व ग्रंथकार मोठ्या भाषेतले ज्ञान लहान मानल्या गेलेल्या भाषेत आणीत होते. त्यांनी शब्दांची यादी करून प्रत्येकासमोर प्रतिशब्द मांडला असता तर त्यांचे ग्रंथ कोणी वाचले नसते. त्यांनी विचार पुरता आपलासा केला आणि मग तो मराठीच्या चालीने चालवला.

आजचा विद्यार्थी उलट्या दिशेने निघाला आहे. त्याला आपले म्हणणे लहान भाषेतून मोठ्या भाषेत न्यायचे आहे. पण नियम तोच आहे. ज्याला आपल्या भाषेत बदलाचे निरनिराळे प्रकार नावाने ओळखता येतात, त्याला परक्या भाषेतही ते ओळखता येतील. बदल कोणी केला, कोणासाठी केला, कोणी सोसला आणि त्याचा मोबदला कोणाला मिळाला, हे चार प्रश्न विचारण्याची सवय मराठीच्या तासाला लागली, तर इंग्रजीच्या तासाला योग्य क्रियापद सापडायला वेळ लागणार नाही. आणि ही सवय लागलेला मनुष्य 'सकारात्मक बदल घडून आला' या वाक्यावर सही करण्यापूर्वी, तो कोणाच्या शिवारात घडून आला, एवढे तरी विचारल्याखेरीज राहणार नाही.